वजा केलेले एक्केचाळीस दिवस

माझा देह सुतकात आहे, हे मला दंडावर चिकटवलेल्या एका चकतीनं सांगितलं. मला स्वतःला त्याचा पत्ताच नव्हता. बरं, सुतक कुणाचं? तर टिकेकर बाईंचं! ज्या बाईनं आठ महिन्यांत मला एकदा धड नावानं हाक मारली नाही, चिमटे काढले, खिमटाची वाटी अंगावर भिरकावली, तिच्यासाठी माझं अंग दुखवटा पाळत होतं. मला तर हसूच आलं.

मी सारिका कुरणे. मिरजेहून म्हैसाळकडे जाताना उसाच्या पट्ट्यात 'सांजवेल' नावाचं शुश्रूषागृह आहे, तिथं बारा वर्षं मी अटेंडंट आहे. चाळीस खाटा आहेत. म्हाताऱ्या माणसांना उठवायचं, धुवायचं, भरवायचं, व्हरांड्यात फिरवायचं आणि ज्याची वेळ आली त्याला नीट पाठवायचं, हे आमचं काम. मला लहानपणापासून एक खोड आहे. झाकलेलं भांडं दिसलं की झाकण उचलून बघितल्याशिवाय चैन पडत नाही. सासरी ह्या खोडीपायी बोलणी खाल्ली आहेत. त्यामुळं दोन हजार सदतीस सालच्या डिसेंबरात डॉ. आफरीन मुजावर तो चकत्यांचा डबा घेऊन आल्या, तेव्हा सगळ्यात आधी हात पुढं केला तो मीच.

डॉक्टर यायचं कारण शेवंता. आमच्यात ती सगळ्यात हसरी होती. त्या वर्षी पावसाळ्यात तिच्याकडची सहा माणसं पाठोपाठ गेली. आमच्याकडं खाट रिकामी राहत नाही. सोमवारी एक जण जातो, मंगळवारी दुसरा बॅग घेऊन येतो, आणि बुधवारी आम्ही त्याला विचारत असतो, चहा साखरेचा का बिनसाखरेचा? नातेवाइकांना तेरा दिवस मिळतात, आम्हाला धुतलेली चादर मिळते. एका सकाळी शेवंता कपड्यांच्या खोलीत एकच चादर घडी घालत, उलगडत बसलेली सापडली. दोन तास तेच करत होती. पुढं ती कामावर आलीच नाही. आमच्या मेट्रन रूथ भोरे, म्हणजे सगळ्यांच्या रूथ सिस्टर. ह्या बाईचा आवाज चाळीस वर्षांत कधी कापला नसेल, पण त्या दिवशी कापला. त्यांनीच खटपट करून आफरीन मॅडमना बोलावलं.

मॅडम मिरजेच्याच. वय बत्तीस. शिकल्या पुण्यात आणि मग परदेशात, पण बोलताना आमच्यासारखंच बोलतात. पहिल्या दिवशी त्यांनी आम्हा पंधरा जणींना जेवणाच्या हॉलमध्ये बसवून समजावलं. चकती घामातली रसायनं मोजते, हृदयाच्या दोन ठोक्यांमधलं अंतर मोजते आणि कातडीची ऊब मोजते. माणूस ताणात आला की घामात एक द्रव्य वाढतं आणि ठोके घड्याळासारखे एकसारखे पडायला लागतात. निवांत माणसाचे ठोके थोडे मागंपुढं होत असतात.

"एवढं जुनंच आहे," मॅडम म्हणाल्या. "नवीन गोष्ट पुढं आहे. थकवा आणि शोक आतापर्यंत यंत्राला सारखेच दिसायचे. आता वेगळे दिसतात. थकलेला माणूस झोपला की उतरतो. शोकातला माणूस झोपून उठला की चढतो. जाग आल्यावरची पहिली वीस मिनिटं बघायची. मन अजून डोळे चोळत असतं, पण शरीराला आठवलेलं असतं की कुणीतरी गेलंय."

"मग थकवा आन दुःख दोन्ही एकदमच असलं तर?" मी विचारलं.

"चांगला प्रश्न. ड्यूटीवर असताना शरीराची एक ठरावीक चाल असते. ती यंत्राला शिकवलीय. ती दिसली की यंत्र तेवढा भार वजा करतं. उरतो तो शोक."

मला ते पटलं. गव्हातले खडे निवडल्यासारखं वाटलं. त्या चकतीला आम्ही पहिल्याच दिवशी 'टिकली' नाव ठेवलं, कारण ती होतीच तेवढी गोल आणि लालसर.

नियम असे ठरले. लागोपाठ तीन सकाळी आलेखातली शोकाची रेघ वर राहिली की दहा दिवसांची पगारी रजा. रूथ सिस्टरनी तिचं नाव ठेवलं देहसुतक. सोबत घरच्या एका माणसाच्या मोबाईलवर निरोप जायचा, की ह्यांना सांभाळा, आणि पुरावा म्हणून सगळा आलेखही जायचा. घरचे लोक डोळ्यांनी बघितल्याशिवाय विश्वास ठेवत नाहीत, असं मॅडमचं म्हणणं. फॉर्मवर मी नवऱ्याचं नाव लिहिलं, विलास कुरणे. आणखी एक नियम होता. शेवटच्या खोलीत, म्हणजे जिथं अगदी अखेरचे दिवस मोजणारी माणसं असतात तिथं, ज्यांची रेघ सपाट आहे अशा काटक बायकांनाच ठेवायचं.

माझी रेघ सपाट होती. फेब्रुवारीच्या अखेरीस मला शेवटच्या खोलीत टाकलं, आणि आधीपासून माझ्याकडंच असलेल्या टिकेकर बाईही मार्चमध्ये तिथं आल्या.

टिकेकर बाई गणिताच्या शिक्षिका होत्या. नव्वदीला टेकल्या होत्या आणि समोर येईल तो माणूस त्यांना नापास झालेला विद्यार्थी वाटायचा. मला त्या आडनावानं हाक मारायच्या. ग्लोव्ह्जचा त्यांना भारी राग.

"कुरणे, ते फुगे आधी काढ. मी काय खरकटं भांडं आहे?"

"नियम हाय, बाई."

"नियम कुणी केला? त्याला माझ्याकडं पाठव."

बाकी सगळं ग्लोव्ह्ज घालूनच करावं लागे, पण वेणी घालताना मी ते काढायची. त्यांचे केस मूठभरसुद्धा नव्हते. तेवढा वेळ मात्र बाई गप बसायच्या.

बावीस मार्चला दुपारी चार वाजता त्या गेल्या. मी घड्याळ बघितलं, वेळ सांगितली, सिस्टरनी लिहून घेतली. पाऊण तासानं धुवायला घेताना सवयीनं ग्लोव्ह्ज चढवले आणि एकदम थांबले. वाटलं, आता ओरडणार. मी ते काढून बादलीत टाकले आणि बाईंना उघड्या हातांनी अंघोळ घातली. मनगट हातात घेतलं तेव्हा ते फार बारीक लागलं. एवढंच. मी रडले नाही. घरी जाऊन वांग्याचं भरीत केलं.

तीन दिवसांनी निरोप आला, माझा देह सुतकात आहे म्हणून.

विलास माझ्याआधीच तो निरोप घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभा. मिरजेत त्याचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. शेतातल्या पंपांच्या जळलेल्या मोटारी तो पुन्हा गुंडाळून देतो. कागदावरची रेघ वाचायची त्याला सवय आहे.

"ह्यात तुला बरं न्हाई म्हणत्यात," तो म्हणाला. "ही रेघ म्हंजे काय?"

"दुःख."

"आन खाली तारखा?"

"व्हय."

त्यानं बोटांनी चित्र मोठं केलं. बराच वेळ इकडून तिकडं सरकवलं. मग विचारलं, "नऊ फेब्रुवारी कुठं हाय?"

नऊ फेब्रुवारीला त्याची आई, माझी आत्ती गेली होती. मी बोट ठेवून दाखवलं. तिथं रेघ फरशीसारखी सपाट होती. तिच्या पुढचे तेरा दिवसही सपाट. विलासनं स्वतःचं बोट हळूहळू बावीस मार्चपर्यंत नेलं. तिथं रेघ सरळ वर चढली होती.

"ही कोण? ती चिमटं काढणारी म्हातारी?"

"व्हय."

त्यानं मोबाईल पालथा ठेवला आणि डबा न घेता दुकानात गेला.

आता आत्तीबद्दल सांगायला हवं. ती दोन महिने अंथरुणाला खिळून होती. पाठीला जखमा झाल्या होत्या. मी सांजवेलमधून यायची आणि घरी पुन्हा तेच करायची. कूस बदलायची, जखम धुवायची, मलम लावायचं. "तुझ्या हातानं माझं मरण सोपं कर बाई," असं ती म्हणायची, आणि मी म्हणायची, "आत्ती, गप बसा, अजून तुमच्या हातच्या शेंगांच्या पोळ्या खायच्यात." तिनं मला वीस वर्षं पोटच्या पोरीसारखं वागवलं, असं मी म्हणणार नाही. आम्ही दोघी कडाकडा भांडलोही आहोत. पण मला ताप आला की माझ्या उशाशी ती बसायची. माझं तिच्यावर फार प्रेम होतं.

ती गेली तेव्हा घर भरलेलं होतं. शेवटचा श्वास झाला, आणि मी पहिली गोष्ट काय केली असेल? भिंतीवरचं घड्याळ बघून मोठ्यानं म्हणाले, "तीन चाळीस." लिहून घ्यायला तिथं कुणी सिस्टर नव्हती. सगळे माझ्याकडं बघत राहिले. मग डोळे मिटवले, हनुवटी बांधली, हातपाय सरळ केले. अंघोळ घालायची वेळ आली तेव्हा बायका म्हणाल्या, "सारिकाला येतंय, तिलाच करू दे." मी अंघोळ घातली, आणि तीही ग्लोव्ह्ज घालून. ते ग्लोव्ह्ज माझ्या हातात कुठून आले, मला आठवत नाही. माझी ड्यूटीची पिशवी तर आतल्या खोलीत खुंटीला होती.

माझी नणंद निर्मलावन्सं दारात उभी राहून बघत होती. आईला शेवटची अंघोळ, आणि सून ग्लोव्ह्ज घालून! तेराव्या दिवशी ती विलासला म्हणाली, "हिला आईचं काय हाय? हिला मेलेल्या माणसांची सवयच हाय." मी चुलीमागं होते. मला वाटलं विलास काहीतरी बोलेल. तो बोलला नाही.

आणि आता त्याच्या मोबाईलवर निर्मलावन्संचं म्हणणं खरं ठरवणारा पुरावाच येऊन पडला होता.

पुढचे तीन दिवस घरात विलास माझ्याशी कामापुरतंच बोलला. मीठ दे, पाणी आलंय, बिल भरलंय. भांडला असता तर बरं झालं असतं. मी रजेवर होते, मला सांभाळायचं असा त्याला निरोप होता, आणि तो सांभाळतही होता. चहा करून द्यायचा, पण कप माझ्या हातात न देता ओट्यावर ठेवायचा. आणि मला स्वतःलाच प्रश्न पडायला लागला होता. खरंच आत्तीसाठी माझ्यात काही नव्हतं का? मी कोण आहे मग? बारा वर्षांत असं काय झालंय मला? हे झाकण उचलून बघायची मला पहिल्यांदा भीती वाटली.

चौथ्या दिवशी मात्र मी सांजवेलला गेले. मॅडम जुन्या एक्स-रेच्या खोलीत बसतात. स्क्रीनसमोर बसून द्राक्षं खात होत्या.

"सारिकाताई, तुम्ही रजेवर आहात ना?"

"मॅडम, तुमची टिकली खोटं बोलती का?"

त्यांनी द्राक्षांची वाटी बाजूला सारली. "टिकली फक्त मोजते. खोटं असलंच तर आमच्या आकडेमोडीत असेल. काय झालं?"

मी सगळं सांगितलं. घड्याळ, ग्लोव्ह्ज, निर्मलावन्सं, पालथा मोबाईल. त्यांना वाईट वाटलं ते दिसलं. आलेख घरी पाठवायची कल्पना त्यांचीच होती. पण त्याच वेळी त्यांचे डोळे चमकायला लागले होते. माझ्यासारखीच खोड त्यांनाही आहे, हे मला तेव्हा कळलं.

"बसा," त्या म्हणाल्या. "मुळातले आकडे बघू. यंत्रानं काही करायच्या आधीचे."

खटाखट बटणं दाबत राहिल्या. मग थांबल्या, पुढं वाकल्या, चष्मा काढून पुसला.

"ताई, नऊ फेब्रुवारीपासून बावीस मार्चपर्यंत तुम्ही कुठं होतात?"

"तेरा दिवस घरात. मग ड्यूटीवर."

"ह्याच्याप्रमाणे नाही. ह्याच्याप्रमाणे तुम्ही एक्केचाळीस दिवस ड्यूटीवरच होतात. सलग. झोपेतसुद्धा."

मला काही उमगेना. मग त्यांनी सावकाश समजावलं. ड्यूटीची चाल दिसली की यंत्र तो भार वजा करतं, हे मला माहीत होतं. पण ड्यूटी कुठं आहे, सांजवेलमध्ये की घरात, हे यंत्राला कळत नाही. ते फक्त चाल ओळखतं. आत्ती गेली त्या क्षणी, तीन चाळीसला, माझं शरीर ड्यूटीवर चढलं, आणि उतरलंच नाही. पाहुण्यांना वाढताना, दहाव्याला, तेराव्याला, अंथरुणात, ठोके घड्याळासारखे एकसारखे पडत राहिले. यंत्र इमानेइतबारे एकेक दिवस वजा करत गेलं. वजाबाकीनंतर शून्य उरलं, आणि ती सपाट रेघ विलासनं बघितली.

"वजा करायच्या आधीची रेघ दाखवा," मी म्हणाले.

त्यांनी दाखवली. तीही सपाटच होती, पण सगळ्यात वर. टिकेकर बाईंसाठी चढलेल्या रेघेच्याही वर. एक्केचाळीस दिवस ती तिथून तसूभर खाली आली नव्हती.

"खाली कधी आली?"

"बावीस मार्च, चार वाजून बावन्न मिनिटं. तिथं शरीर ड्यूटीवरून उतरलं आणि वजाबाकी थांबली. तेव्हा काय करत होतात?"

मी माझ्या हातांकडं बघितलं. चार बावन्नला मी टिकेकर बाईंना अंघोळ घालत होते, उघड्या हातांनी. त्यांचं मनगट माझ्या हातात होतं आणि ते फार बारीक लागलं होतं. आत्तीचं मनगटही अगदी तेवढंच होतं.

"मग ह्यो जो दुखवटा चढलाय, त्यो टिकेकर बाईंचा का आत्तीचा?"

"शोक आहे एवढं यंत्र सांगतं. कुणाचा, ते त्याला विचारता येत नाही. मलाही सांगता येणार नाही." मग म्हणाल्या, "दोघींचा असेल."

तेवढ्यात मॅडमना काहीतरी आठवलं आणि त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी रूथ सिस्टरना बोलावून घेतलं. शेवटच्या खोलीसाठी निवडलेल्या आम्हा पाच काटक बायकांचे मुळातले आकडे एकाखाली एक काढले. पाचापैकी चौघींची रेघ वर जाऊन अडकलेली होती.

सिस्टर उभ्याच होत्या. म्हणाल्या, "म्हणजे जिला सगळ्यात जास्त लागलंय, तिलाच आपण पुन्हा पुन्हा त्या खोलीत पाठवत होतो?"

मॅडमनी मान हलवली. त्या दुपारी ती वजाबाकी बंद झाली, आणि घरी आलेख पाठवणंही. पण मी तोपर्यंत थांबले नाही. मी दोन्ही रेघांचा कागद छापून घेतला आणि थेट दुकानात गेले.

विलास एका मोटारीची जळकी तार ओढून काढत होता. दुकानात वार्निशचा वास भरला होता. मी कागद त्याच्यासमोर धरला. मॅडमनी सांगितलेलं जसंच्या तसं सांगायचा प्रयत्न केला, पण मध्येच माझं मलाच नीट सांगता येईना. तो हात पुसत ऐकत राहिला. मग कागद घेऊन दारातल्या उजेडात गेला.

"ही खालची रेघ आमाला आलेली. आन ही वरची खरी?"

"व्हय."

"एवढी वर, आन एकसारखी?" तो कागद तिरका करून बघत राहिला. "ही जाम मोटर हाय."

"काय?"

"मोटर जाम झाली की फिरत न्हाई. माणूस बाहेरनं बघतो, त्याला वाटतंय बंद हाय, करंटच न्हाई. पर ती चालत्या मोटरीपेक्षा पाच-सहा पट करंट खात असती. मीटर लावल्याबिगार कळत न्हाई." त्यानं समोरच्या जळक्या मोटारीकडं बघितलं. "धा मिनिटात कोळसा व्हतो वाइंडिंगचा. तू किती दिवस?"

"एक्केचाळीस."

तो स्टुलावर बसला. कागद मांडीवर ठेवला, त्याची घडी केली, पुन्हा उलगडली. मग मान खाली घालून म्हणाला, "ग्लोव्ह्ज मी दिलं तुला."

"कधी?"

"आईला न्हाऊ घालताना. तू नुसता हात माघारी केलास, बोलली काय न्हाईस. दोन महिनं जखम धुताना तू हात माघारी करायचीस आन मी द्यायचो. तसंच पिशवीतनं काढून दिलं. तुला ड्यूटीवर मीच लावलं, सारिका. आन निर्मला बोलली तवा मी गप बसलो."

माझा राग तोपर्यंत कुठं होता कुणास ठाऊक, तो एकदम वर आला.

"एवढं दिवस गप बसलात! एका शब्दानं सांगितलं असतं तर? मला वाटाय लागलं मीच माणसातनं उठले म्हणून!"

"मला वाटलं, तुझ्या मनात आईसाठी काय न्हाईच, तर रड म्हणून कसं सांगू? आन मीच ग्लोव्ह्ज दिलंत हे आठवलं की मलाच कसंतरी व्हायचं." त्याचे डोळे भरून आले. "चुकलं माझं."

मग त्यानं एक गोष्ट केली, जी मी त्याला कधी करताना बघितली नव्हती. भर दुपारी, गिऱ्हाइकाची मोटार अर्धी उघडी टाकून त्यानं दुकानाचं शटर ओढलं.

घरी येऊन त्यानं माळ्यावरची आत्तीची ट्रंक खाली काढली. मी पुढं व्हायला लागले, तर म्हणाला, "तू बस." पाणी त्यानं आणलं, ट्रंक त्यानं पुसली, कुलूप त्यानं उघडलं. मला काही म्हणजे काही करू दिलं नाही. मी भिंतीला टेकून बसले होते आणि माझे हात रिकामे होते. असं रिकामं बसायची मला सवय नाही. हातांचं काय करायचं ते कळेना.

तेवढ्यात दंडावर खाजलं. टिकली. मला आधी वाटलं, असू दे. आज रेघ कुठं जाते ते उद्या बघायला मिळेल. खोडच ती. मग उठले, टिकली नखानं उचकटली आणि न्हाणीच्या दारातल्या आरशाला चिकटवली. तिथं माझ्या कपाळावरच्या चार जुन्या टिकल्या आधीच होत्या.

परत येऊन बसले तर विलासनं माझ्यापुढं आत्तीची लाकडी फणी धरली होती. तिच्या दातांत अजून पांढरे केस अडकले होते. मी ती उघड्या हातात घेतली, आणि माझा बांध फुटला. मी इतक्या मोठ्यानं रडले की शेजारच्या पाटलीणबाई धावत आल्या. विलासनं त्यांना दारातच सांगितलं, "काय न्हाई काकू. आईसाठी रडतीया." आणि येऊन माझ्याशेजारी बसला आणि तोही रडला.

रजा संपवून मी कामावर गेले. सांजवेलमध्ये आता एक नवीन पद्धत आहे. कुणी गेलं की त्या माणसाची ज्या बाईनं सेवा केली, तिनं त्याला धुवायचं नाही, आवरायचं नाही. ते दुसरी करते. हिच्यासाठी खाटेशेजारी खुर्ची ठेवतात आणि हिनं तिथं नुसतं बसायचं. पहिल्यांदा माझी पाळी आली तेव्हा रूथ सिस्टर स्वतः बाह्या वर करून उभ्या राहिल्या आणि माझा हात आपोआप ग्लोव्ह्जच्या खोक्याकडं जायला लागला तसा त्यांनी तो धरून मला खुर्चीत बसवलं.

त्याच आठवड्यात मॅडमनी मला एक्स-रेच्या खोलीत बोलावलं. स्क्रीनवर माझी रेघ होती.

"सारिकाताई, एक गोष्ट मला कळत नाहीये. एकोणतीस मार्च, दुपारी दोन ते पाच. इथं ठोका नाही, घाम नाही, ऊब नाही. शरीरच नाही. तीन तास तुम्ही कुठं होतात?"

त्यांचे डोळे तसेच चमकत होते. त्यांना ते झाकण उचलून बघायचं होतं, आणि ती ओढ काय असते ते मला चांगलं माहीत आहे.

"त्यो आरसा हाय, मॅडम," मी म्हणाले. "टिकली त्याला लावली हुती."

"आणि तुम्ही?"

"मी घरी हुते."